बॅरिस्टर की सॉलिसिटर? आयर्लंडमध्ये न्यायमूर्ती व्हायचं असेल तर

कायद्याची पदवी डब्लिनची, डोळा हायकोर्टाच्या खुर्चीवर. मग कोर्टात युक्तिवाद करणारे बॅरिस्टर घडवणारं किंग्ज इन्स गाठायचं, की अशिलांना सल्ला देणारे आणि कागदपत्रं सांभाळणारे सॉलिसिटर घडवणारी लॉ सोसायटी? हा पेच एका ओळखीच्या मुलीने समोर ठेवला.

पैशाच्या बाबतीत सॉलिसिटर सरळ पुढे. त्याची उमेदवारी फर्ममध्ये होते आणि तीही पगारी. बॅरिस्टरला किंग्ज इन्समधून बाहेर पडल्यावर किमान वर्षभर 'डेव्हिलिंग' करावं लागतं. म्हणजे अनुभवी बॅरिस्टरामागे फायली घेऊन फोर कोर्ट्समध्ये, डब्लिनच्या मुख्य न्यायालयांच्या इमारतीत, फिरायचं, रात्री मसुदे लिहायचे आणि मोबदल्याची आशा ठेवायची नाही. पुढेही प्रत्येकजण आपल्या जिवावर. काम बहुतेक सॉलिसिटरकडूनच येतं, फी कधी येईल ते देव जाणे.

न्यायमूर्ती होण्याच्या नियमांत आता फारसा फरक नाही. 2002 च्या कायद्याने सॉलिसिटरलाही हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाचं दार उघडलं. 12 वर्षांची प्रॅक्टिस दोघांनाही लागते. 2020 पासून सॉलिसिटरही सीनियर कौन्सेल, म्हणजे मानाचे ज्येष्ठ वकील, होऊ लागलेत.

पण वरच्या कोर्टांत अजून बॅरिस्टरांचाच भरणा. फ्रँक क्लार्क यांनी 1973 मध्ये बॅरिस्टर म्हणून वकिली सुरू केली, 1985 ला सीनियर कौन्सेल, 2004 ला हायकोर्ट, 2012 ला सुप्रीम कोर्ट, 2017 ला सरन्यायाधीश. बॅरिस्टर डोनल ओ'डॉनेल तर 2010 मध्ये वकिलीतून थेट सुप्रीम कोर्टात गेले.

घरून काही वर्षं आधार असेल आणि कोर्टात उभं राहायची हौस असेल, तर बॅरिस्टर. डोक्यावर कर्ज असेल किंवा महिन्याला ठरलेला पगार हवा असेल, तर सॉलिसिटर.