नाताळच्या शुभेच्छा की नुसतं 'हॅपी हॉलिडेज'?

माझी भाची बडोद्यात मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात निर्यातीचं काम बघते. परवा दांडिया बाजारात आमच्याकडे जेवायला आली ती हाच घोळ घेऊन. "मामा, परदेशी ग्राहकांना 'मेरी ख्रिसमस' लिहू की 'हॅपी हॉलिडेज'?"

चुकण्याची भीती पाहिली तर दुसरं बिनघोर. तिच्या यादीत एक ज्यू गृहस्थ आहेत. त्यांचा हनुक्का, म्हणजे ज्यूंचा दिव्यांचा सण, बहुधा डिसेंबरातच येतो, २०२४मध्ये तर २५ डिसेंबरच्या संध्याकाळीच सुरू झाला. रशियन ऑर्थोडॉक्स मंडळींचा नाताळ ७ जानेवारीला. कुणाकुणाचं ध्यानात ठेवणार? शिवाय पाठवायला उशीर झाला तरी 'हॅपी हॉलिडेज' नववर्षापर्यंत खपून जातं. 'मेरी ख्रिसमस' २७ तारखेला शिळं वाटतं.

पण ऊब? तिथे 'हॅपी हॉलिडेज' साफ पडतं. बेसतुं वरसाला, म्हणजे गुजराती नववर्षाला, शेजारच्या बेनना आपण 'साल मुबारक'च म्हणतो ना? 'सणासुदीच्या शुभेच्छा' म्हटलं तर त्या बँकेचा मेसेज आल्यासारखं बघतील. फतेगंजात राहणारी भाचीची ख्रिस्ती मैत्रीण दरवर्षी डबाभर कलकल, म्हणजे नाताळचा गोड फराळ, पाठवते. तिला 'हॅपी हॉलिडेज' लिहिणं म्हणजे डबा न धुता परत करणं.

तेव्हा समोरचा नाताळ साजरा करतो हे पक्कं ठाऊक असेल, तर नाताळाचं नाव घेऊनच लिहावं, मराठी माणसाला 'नाताळच्या शुभेच्छा'. सगळ्यांना मिळून एकच ईमेल जाणार असेल किंवा माणूस फक्त बिलावरच्या नावापुरता माहीत असेल, तर 'हॅपी हॉलिडेज'.

भाचीने दोन याद्या केल्या. मैत्रिणीला मात्र फोन.