दहा इंची टॅब आणि तीव्र बौद्धिक अक्षमता असलेली लेकरं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

टॅब कामाचा आहे, पण खोक्यातून काढून थेट लेकरापुढे ठेवण्यासारखा नाही. आधी सेटिंग. सॅमसंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली 'टॅप ड्युरेशन' आणि 'इग्नोअर रिपीटेड टचेस' असतं. बोट थरथरत एकाच चित्रावर चारदा पडलं तरी एकदाच धरलं जातं. स्वस्त टॅबांत बरेचदा फक्त 'टच अँड होल्ड डिले' सापडतं, ते 'लाँग' करा. ॲप पिन करायला, म्हणजे स्क्रीन त्या एकाच ॲपवर अडकवून ठेवायला, विसरलात तर दोन मिनिटांत होम स्क्रीन.

काच दाब मोजत नाही, कातडीचा स्पर्श ओळखते. त्यामुळे जोरात टोचलेलं वाढलेलं नख तिला कळतच नाही. 'याला जमत नाही' म्हणण्याआधी नखं कापा. लाळ सांडली की उलटा त्रास, स्पर्श भलतीकडेच लागतात. सुती फडकं हाताशी हवं. तळवा टेकत असेल तर जाड मोज्याला तर्जनीपुरतं भोक पाडून तो हातात घाला. टॅब पाटावर, पाटाच्या मागच्या बाजूखाली वीट, मध्ये रबरी जाळी. सपाट ठेवला तर मान वाकते आणि टॅब सरकतो.

शिकवताना पहिला टप्पा एकच: कुठेही बोट लागलं की रंग किंवा आवाज. मग अर्ध्या स्क्रीनएवढं चित्र, मग पाव. ओढून नेणं फार उशिरा. घाई केली तर लेकरू टॅबच ढकलतं. त्याचं बोट धरून टेकवू नका, तुमचंही बोट लागतं आणि दोन स्पर्श मोजले जातात. आधार मनगटाला, पुढे कोपराला, मग काढून घ्या. सांगून झाल्यावर लेकराला वेळ द्या, मनात दहापर्यंत मोजा. हेच सगळ्यात अवघड, आणि ते शिकवणाऱ्यालाच.

चित्रांतून निवड जमू लागली की 'जेलो' लावा, म्हणजे चित्राला बोट लावलं की लेकराच्या वतीने बोलणारं ॲप. आयआयटी मुंबईत बनलेलं आहे, मोफत आहे, मराठी बोलतं. सुरुवातीला मात्र त्यात बटणांची गर्दी वाटते.

चार्जिंगला लावून शिकवू नका. खेड्यात सॉकेटला अर्थिंग नसतं, त्यात हलका चार्जर. स्क्रीन आपोआप नाचते आणि दोष लेकरावर येतो. रात्रीच भरून ठेवा.

मार्चनंतर टिनाच्या खोलीत टॅब तापतो, उजेड आपसूक कमी होतो, चार्जिंगही थांबतं. सकाळच्या शाळेतला पहिला तास घ्या. तापलेला टॅब बंद करून सावलीत ठेवा; ओलं फडकं नको, कूलरच्या तोंडाशीही नको.