रॅटचा लोकस सेरुलियस: निस्सल करू की टीएच?

लोकस सेरुलियस म्हणजे मेंदूतला केवढासा तुकडा, एका बाजूला साधारण १५०० न्यूरॉन, पॉन्सच्या (मेंदूच्या देठाचा मधला भाग) वरच्या अंगाला चौथ्या व्हेंट्रिकलच्या (द्रवाने भरलेली पोकळी) कडेला दाटीवाटीने बसलेले. माणसाच्या मेंदूत न रंगवताही तो गडद दिसतो, पेशींत न्यूरोमेलॅनिन साठतं ना, रॅटमध्ये ती सोय नाही, मग स्टेन निवडणं आलंच.

इलेक्ट्रोड नेमका कुठे गेला एवढंच बघायचं असेल तर सरळ निस्सल, म्हणजे सगळ्याच पेशी जांभळ्या करणारं क्रेसिल व्हायोलेट, करा, टीएचच्या अँटिबॉडीवर उगाच पैसे घालू नका. स्वस्त, एका दिवसाचं काम, आणि जांभळा दाट पुंजका पटकन सापडतो. गडबड शेजाऱ्यांची आहे. लगेच बाहेरच्या बाजूला मेसेन्सेफॅलिक ट्रायजेमिनल या दुसऱ्या न्यूक्लियसच्या (पेशींच्या पुंजक्याच्या) मोठ्ठ्या गोल पेशी असतात, त्या दिसल्या की लेव्हल बरोबर आहे हे कळतं, पण नवीन पोरं त्यांनाही मोजून टाकतात. आणि आतल्या खालच्या बाजूला बॅरिंग्टन न्यूक्लियस, तिथे हद्द कुठे ओढायची यावर एकाच लॅबमधले दोघं भांडतील.

टीएच, म्हणजे नॉरॲड्रेनलिन आणि डोपामिन बनवायला लागणारं टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम अँटिबॉडीने रंगवणं, हा वाद मिटवतं. रॅटमध्ये इथल्या जवळपास सगळ्या पेशी नॉरॲड्रेनलिनवाल्या (१९६४ मध्ये डालस्ट्रॉम आणि फुक्स यांनी फ्लुओरेसन्सवर ए६ म्हणून नोंदवलेला गट तो हाच), त्यामुळे ट्रायजेमिनलच्या पेशी कोऱ्या राहतात आणि आपल्या तेवढ्या रंगतात. मांजरात पेशींची सरमिसळ असते, तिथे इतकं सुटसुटीत नाही. शिवाय डेंड्राइट (पेशींचे संदेश घेणारे फाटे) दिसतात, आणि ते पुंजक्याबाहेर व्हेंट्रिकलच्या दिशेने बरेच पसरलेले असतात! ट्रेसर (फायबरचा माग दाखवणारा पदार्थ) टाकून इनपुट शोधत असाल तर हे फार महत्त्वाचं, कारण निस्सलच्या हद्दीबाहेर संपलेला फायबरसुद्धा ह्याच पेशींच्या डेंड्राइटवर उतरलेला असू शकतो.

तोटा म्हणजे प्रायमरी अँटिबॉडी रात्रभर, मग सेकंडरी, मग तपकिरी रंग आणणारं डीएबी, आणि डीएबीत जरा जास्त वेळ राहिलं की मधला भाग नुसता चॉकलेटी गोळा, मोजणार काय. सब्स्टँशिया नायग्राचे एकदोन सेक्शन सोबत घ्या, तिथले डोपामिन न्यूरॉनही टीएच-पॉझिटिव्ह असतात, तेच रंगले नाहीत तर अँटिबॉडी किंवा प्रोटोकॉल तपासा.

मोजणी किंवा ट्रेसिंग असेल तर मी टीएच करून त्यावरच अगदी फिकट क्रेसिल व्हायोलेट देईन. एक आड एक सेक्शन वाटून घेता येतात, पण हा भाग पुढून मागे जेमतेम एक मिलिमीटर, ४० मायक्रॉनचे काप काढले तर पंचविसेक मिळणार, त्यातले निम्मे निस्सलला द्यायला माझा तरी हात धजत नाही.