कांद्याची स्लाइड, माशाची स्लाइड आणि साडेसहा हजारांचा मायक्रोस्कोप

जुलैमध्ये लेक अकरावी सायन्सला गेली तेव्हा ठाण्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत सायंटिफिक सामानाचं दुकान आहे तिथून मायक्रोस्कोप घेतला, आता चार महिने झाले आणि आठवड्यातून तीनदा तरी तो बाहेर निघतोच, म्हणून लिहितेय. मायक्रोस्कोप साडेसहा हजार, एका डोळ्याने बघायचा, खाली एलईडी, लेन्स चार, दहा, चाळीस आणि शंभरची. २५ तयार स्लाइडची पेटी नऊशेला वेगळी. दुकानातल्या काकांनी काउंटरवरच स्लाइड लावून दिली, लेकीला स्वतः फोकस करू दिलं, मागे गिऱ्हाईक उभं होतं तरी घाई केली नाही, हे मला फार आवडलं.

मला मात्र यात एकच गोष्ट बघायची होती. गेल्या वर्षी आत्याला ब्रेस्ट कॅन्सर झाला, पॅक्लिटॅक्सेलचे बारा डोस झाले, डॉक्टर म्हणाले हे औषध पेशीचं विभाजन अडवतं. अडवतं म्हणजे नेमकं कुठे, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

पेटीतली कांद्याच्या मुळाची स्लाइड चाळीसच्या लेन्सला सुरेख दिसते. कांद्याची गुणसूत्रं १६ आणि चांगली जाडजूड, एका पेशीत मधोमध ओळ लावून थांबलेली, शेजारच्या पेशीत दोन्हीकडे ओढली गेलेली, परीक्षेपुरतं सगळं आहे. पण पुस्तकातले तर्कुतंतू म्हणजे ज्या धाग्यांनी ही ओढाओढ होते ते या स्लाइडवर जवळपास दिसतच नाहीत, रंग सगळा गुणसूत्रांनी घेतलाय. आणि पेटीसोबतच्या तक्त्यात तर चूकच आहे, कांद्याच्या पेशीच्या दोन टोकांना तारकाकेंद्रं काढलीत! तारकाकेंद्रं प्राण्यांच्या पेशीत सेंट्रोसोममध्ये, म्हणजे धागे जिथून फुटतात त्या केंद्रात असतात, फुलझाडांच्या पेशीत सेंट्रोसोम नसतो, कांदा त्याच्याशिवायच धाग्यांची रचना उभी करतो. लेकीने जर्नलमध्ये तक्त्यावरून तसंच उतरवलं होतं, खोडावं लागलं. काकांना दाखवलं तर त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि बनवणाऱ्यांना कळवतो म्हणाले, पण ऑक्टोबरमध्ये गेले तेव्हा तोच तक्ता होता. मुलांसाठी घेत असाल तर पहिल्या दिवशीच तिथे पेनने काट मारा.

आता खरी शिफारस. त्यांच्याकडे व्हाइटफिश माशाच्या कोवळ्या भ्रूणाची स्लाइड सुटी मिळते, ३५० रुपये, ती घ्याच. पेशीच्या दोन टोकांना दोन ठिपके, प्रत्येकातून चारी बाजूंना किरणं फुटल्यासारख्या रेषा आणि दोघांच्या मधे अगदी टकळीवर सूत गुंडाळावं तसा मधे फुगीर आणि टोकांना निमुळता आकार. त्या टोकांच्या ठिपक्यांत सेंट्रोसोम असतात. आपल्याला दिसतात ते धाग्यांचे जुडगे, एकटा धागा फक्त २५ नॅनोमीटर जाड असतो आणि साध्या उजेडाच्या मायक्रोस्कोपला साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दाखवता येत नाही, कितीही महागडा घ्या, त्यामुळे तो दोष या मायक्रोस्कोपचा नाही.

हे धागे ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे, सतत वाढतात आणि आखडतात, चाचपडत गुणसूत्र गाठतात. विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रती झालेल्या असतात, त्यातल्या एकीला या टोकाचा धागा लागला पाहिजे आणि दुसरीला त्या टोकाचा, आणि एक जरी गुणसूत्र धाग्याविना राहिलं तरी पेशी पुढे जायचं थांबवून ठेवते. जर्मनीच्या थिओडोर बोव्हेरी या जीवशास्त्रज्ञाने समुद्री साळिंदराच्या (सी अर्चिन) अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या की काय होतं ते बघितलं होतं, सेंट्रोसोम शुक्रपेशीबरोबर येतो, तो दोनदा आला की दोनाऐवजी चार टोकं तयार होतात आणि गुणसूत्रांची वाटणी वाकडीतिकडी होते. त्यावरून १९१४ मध्ये त्याने लिहिलं की कॅन्सरची सुरुवात अशा बिघडलेल्या वाटणीतून होत असावी. आज माहीत आहे की कित्येक ट्यूमरच्या पेशींत सेंट्रोसोम जास्तीचे असतात, पेशी त्यांना ढकलून दोन टोकांशी गोळा करते आणि जगते, पण धागे चुकीचे जोडले जातात, एखादं गुणसूत्र इकडे जादा, तिकडे कमी. आणि फक्त कॅन्सरच नाही, काही बाळं आनुवंशिक कारणाने खूप लहान डोक्याची जन्मतात त्यातल्या बऱ्याच घरांत एएसपीएम जनुकात दोष सापडतो, तेही याच टोकांपाशी काम करणारं.

पॅक्लिटॅक्सेल काय करतं तर धागे घट्ट करून टाकतं, ते आखडू शकत नाहीत, हे सुझन हॉरविट्झ या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये दाखवलं. मग पेशी मधेच अडकते किंवा भलतीच वाटणी करून मरते. आपल्या बाल्कनीतल्या सदाफुलीपासून मिळणारं विनक्रिस्टीन हे कॅन्सरचंच औषध बरोबर उलटं, धागे बनूच देत नाही. आणि लांबच लांब नसांच्या आतही हेच धागे असतात, म्हणून तर आत्याच्या पायाची बोटं अजून बधिर आहेत, आम्ही सहा महिने शुगर तपासत बसलो होतो.

तक्रारी दोन. बारीक फोकसचा नॉब महिन्याभरात सैल झाला, काकांनी पैसे न घेता पंधरा मिनिटांत घट्ट करून दिला. शंभरच्या लेन्ससाठी दिलेली तेलाची बाटली गळते, ती उभीच ठेवा, आणि तेल लावल्यावर लेन्स लगेच पुसा.

दिवाळीत आत्या ऐरोलीहून आली तेव्हा माशाची स्लाइड लावून ठेवली होती. तिने विचारलं, माझं औषध यात कुठे लागतं गं? ओळ लावून थांबलेली एक पेशी मधोमध आणली आणि म्हटलं, आत्या, या धाग्यांना. ती बराच वेळ बघत राहिली, मग स्वतःच स्लाइड सरकवून तशी दुसरी पेशी शोधायला लागली.

दुकान रविवारी बंद असतं. माशाची स्लाइड कायम नसते, फोन करून विचारून जा.