डॉटनेटमधील डेसिमल.पार्स: अचूक, पण गरजेपेक्षा उदार
पैशांचे हिशेब ठेवणाऱ्या प्रणालीत मजकुरातून दशांश संख्या काढण्यासाठी मी डॉटनेट या सॉफ्टवेअर मंचावरील सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेतली ‘डेसिमल.पार्स’ हीच पद्धत निवडतो, कारण २८ ते २९ सार्थ अंक जपणाऱ्या ‘डेसिमल’ या संख्याप्रकारात ०.१ सारखी रक्कम जशीच्या तशी राहते. सोबत योग्य ‘कल्चरइन्फो’ (थोडक्यात कल्चर, म्हणजे कोणत्या भाषा-प्रदेशाच्या रीतीने संख्या लिहिली आहे हे सांगणारी माहिती) दिले की जर्मन बिलावरील ‘१.२३४,५६’ आणि आपल्याकडील ‘१,२३,४५६.७८’ दोन्ही बिनचूक वाचले जातात.

मात्र हजारांचा विभाजक योग्य जागी आहे की नाही, हे ही पद्धत तपासतच नाही. जर्मन ग्राहकाने दीड या अर्थाने लिहिलेले ‘१,५’ अमेरिकी कल्चरने वाचले, तर कोणतीही त्रुटी न दाखवता उत्तर १५ येते आणि दहापट झालेली रक्कम थेट खात्यात नोंदली जाते. आर्थिक कामात मला हे अजिबात मान्य नाही. म्हणून मजकुरात काय चालेल हे ठरवणाऱ्या ‘नंबरस्टाइल्स’मधून हजारांच्या विभाजकाला मुभा देणारा ‘अलाऊथाउजंड्स’ हा पर्याय वगळावा, म्हणजे असा मजकूर नाकारला जातो. कल्चर न दिल्यास चालू थ्रेडचे (प्रोग्रामच्या चालू धाग्याचे, जे सहसा संगणकाच्या सेटिंगवरून ठरते) लागू होते, त्यामुळे स्वतःच्या संगणकावर बरोबर चालणारा प्रोग्राम सर्व्हरवर वेगळे उत्तर देऊ शकतो. कल्चर देणे सक्तीचेच असायला हवे होते.

मराठी वापरकर्त्यांसाठी आणखी एक मोठी उणीव आहे. मराठी कल्चर दिले तरी देवनागरी अंक स्वीकारले जात नाहीत. वरील उदाहरणेही इंग्रजी अंकांतच टंकावी लागतात. देवनागरी अंकांसाठी अक्षरांची माहिती देणाऱ्या ‘कॅरयुनिकोडइन्फो’ने प्रत्येक अंकाचे मूल्य काढून मजकूर आधी बदलून घ्यावा लागतो.