नव्या घराची हवा: खिडक्या, एक्झॉस्ट की ईआरव्ही?

घराचा प्लॅन हातात आला की बोलणं होतं ते टाइल्सचं, ओट्याचं आणि एसीच्या पॉइंटचं. हवेचा विषय निघतो राहायला गेल्यावर, पहिल्या पावसाळ्यात कपाट उघडताना कुबट वास आला की. तोवर स्लॅब पडलेला असतो आणि बहुतेक चांगले पर्याय हातचे गेलेले असतात. म्हणून हे ज्यांचं काम अजून जोत्यापर्यंतच आलंय त्यांच्यासाठी. पर्याय तीन: खिडक्या, एक्झॉस्ट पंखे आणि ईआरव्ही (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर), म्हणजे ताजी हवा आत आणताना एसीची थंडाई वाचवणारं यंत्र. सोयीसाठी तीन बेडरूमचं, १५०० चौरस फुटांचं आरसीसी घर धरू.

आधी एसीचं बोलू. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. दारं-खिडक्या लावून खोलीत दोघं झोपली की पहाटेपर्यंत तो १५०० च्या वर सहज जातो, आणि सकाळी उठल्यावर डोकं जड वाटतं. कौलारू घरात कौलांच्या फटींतून हवा आपोआप खेळायची. स्लॅब आणि घट्ट बसणाऱ्या यूपीव्हीसी खिडक्यांनी ती वाट बंद केली. त्यात नव्या घरात ताजं काँक्रीट कितीतरी महिने ओल सोडत असतं, आणि प्लायवूड व रंगाचा उग्र वास वेगळाच. पहिलं वर्ष हवेची गरज सगळ्यात जास्त असते.

खिडक्या. माझं मत स्पष्ट आहे: पैसा आधी इथे घाला. खिडकीचं माप विचारताना मात्र उघडणारं माप विचारा. पाच बाय चारची, दोन काचांची थ्री-ट्रॅक स्लायडिंग कागदावर २० चौरस फूट असते, पण कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते, म्हणजे हातात १० चौरस फूट. त्यावर मच्छरजाळी आली की वारा आणखी मंदावतो. तीच खिडकी बाहेर उघडणाऱ्या झडपांची केली तर जवळजवळ सगळी मोकळी होते. केंद्राच्या ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २०१८ मध्ये आणलेल्या इको-निवास संहितेत, बाहेरच्या हवेत उघडणाऱ्या दारा-खिडक्यांचं मोकळं क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान किती टक्के हवं ते दिलंय: कोकणासारख्या उष्ण-दमट हवेत १६.६६, नागपूरसारख्या संमिश्र हवामानात १२.५, उष्ण-कोरड्या भागात १०. संहिता मोठ्या प्रकल्पांसाठी आहे, पण आर्किटेक्टसमोर ठेवायला आकडा उत्तम आहे. आपल्या घराचं चटईक्षेत्र १५०० धरलं तर कोकणात २५० चौरस फूट मोकळं क्षेत्र लागेल. नुसत्या स्लायडिंगवर ते जमत नाही.

उन्हाळ्यात नि पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिम-नैऋत्येकडून येतो. त्या बाजूला खिडकी आणि समोरच्या भिंतीत बाहेर जायला वाट, दोन्ही हवं. एकाच भिंतीला दोन मोठ्या खिडक्या ठेवून हवा खेळत नाही. जिन्याच्या हेडरूमला (गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीला) वर लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांचे झरोके, ठेवले तर गरम हवा जिन्यातून वर चढून निघून जाते; वाड्याचा चौक हेच काम करायचा. खिडक्यांची उणीव म्हणजे रस्त्याची धूळ, डास, रात्रीची सुरक्षितता आणि ऑक्टोबरचा पडलेला वारा.

छतावरचा फिरता टर्बो व्हेंटिलेटर शेडसाठी ठीक. स्लॅबच्या घरात तो फार तर हेडरूमवर बसतो, आणि पावसाळ्यात गळतीची धास्ती राहते.

एक्झॉस्ट पंखे. काही हजारांत होणारा, बहुतेक घरांना पुरणारा मार्ग. प्रत्येक बाथरूमला सहा इंची पंखा, स्वयंपाकघरात बाहेर डक्ट (हवा नेणारा पाइप) काढलेली चिमणी. डक्ट नसलेली चिमणी तेलकटपणा अडवते, पण वाफ आणि गॅसचा धूर घरातच ठेवते. अमेरिकेतल्या ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या सूत्रानुसार आपल्या घराला सतत ७५ सीएफएम (मिनिटाला ७५ घनफूट) ताजी हवा पुरते. हळू चालणारे दोन शांत पंखे ते काम करतात. मात्र पंखा जितकी हवा बाहेर टाकतो तितकी आत यायला हवी. बाथरूमच्या दाराखाली बोटभर फट नसेल तर पंखा नुसता घरघरतो.

आणि हे अगदी कळकळीने सांगतो: ‘एक्झॉस्ट आहे ना, मग गॅस गीझर बाथरूममध्ये चालेल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बंद बाथरूममध्ये एक्झॉस्ट चालू असला की गीझरचा जळलेला वायू उलटा आत ओढला जाऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे चक्कर येईपर्यंत काही कळत नाही. गीझर आणि सिलिंडर दोन्ही उघड्यावर, बाल्कनीत किंवा गच्चीत.

ईआरव्ही. यात दोन पंखे असतात, एक शिळी हवा बाहेर नेतो, दुसरा ताजी आत आणतो. मधल्या गाभ्यात (कोअरमध्ये) दोन्ही प्रवाह न मिसळता उष्णता आणि बाष्पाची देवाणघेवाण करतात, त्यामुळे एसीची थंडाई बरीचशी घरातच राहते. आत येणारी हवा गाळूनही येते. एचआरव्ही नावाचं त्याचं भावंड फक्त उष्णतेची देवाणघेवाण करतं, बाष्पाची नाही, बाहेरचं बाष्प तसंच आत येतं, म्हणून किनारपट्टीवर ते घेऊ नये. विक्रेते एक गोष्ट सहसा सांगत नाहीत: ईआरव्ही ओल काढून टाकण्याचं यंत्र नाही. आत एसी चालू नसेल तर बाहेरच्या दमट हवेचं बाष्प ते कशाच्या जोरावर अडवणार? रत्नागिरीत दिवसभर खिडक्या उघड्या टाकणाऱ्या घरात त्याचा काहीच उपयोग नाही. डक्टिंगसह खर्च लाखाच्या घरात जातो, फॉल्स सीलिंग लागतं आणि फिल्टर दर काही महिन्यांनी बदलावे लागतात. ते तुंबले की हवा कमी होते आणि आवाज वाढतो.

म्हणून स्वतःला विचारायचं ते इतकंच: घर दिवसातले किती तास बंद राहणार? गावाकडे किंवा लहान शहरात तीन बाजूंनी मोकळा प्लॉट असेल तर झडपांच्या खिडक्या आणि एक्झॉस्ट, बस्स. हायवेलगत घर असेल, घरात कुणाला दमा असेल किंवा एसी रात्रभर चालणार असेल तर ईआरव्ही घ्या, पण अख्ख्या घराला नको, बेडरूमपुरता. मधल्या परिस्थितीत आज यंत्र घेऊ नका, पुढे त्याचा डक्ट नेता येईल एवढी फक्त सोय ठेवा: प्रत्येक बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीत आणि वाटेत येणाऱ्या बीममध्ये ११० मिलिमीटर पीव्हीसी पाइपचा तुकडा. बीममधला तुकडा कुठे ठेवायचा ते स्ट्रक्चरल इंजिनियरने ठरवायचं, तेही शटरिंग लावण्याआधी. भिंतीतल्या पाइपला बाहेरच्या बाजूला थोडा उतार आणि तोंडाला जाळीचं झाकण, म्हणजे पावसाचं पाणी आणि पाली आत येत नाहीत.