युकुलेलेची चौथी तार : आठ महिन्यांच्या वापरानंतर

काही महिन्यांपूर्वी नटाची, म्हणजे गळ्याच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची, एक खाच चिरली आणि ज्या दुकानातून हे कॉन्सर्ट आकाराचे युकुलेले (गिटारसारखे चार तारांचे छोटे वाद्य) घेतले, तेथील गृहस्थांनी ‘जाड तार तुम्हीच लावलीत’ असे सांगून हात झटकले, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

लाकूड, आवाज, खुंट्या यांबद्दल तक्रार नाही. माझे सारे भांडण चौथ्या तारेशी होते. तिसरी मोकळी (पडद्यावर न दाबलेली) तार षड्ज मानली, तर चौथीपासून पहिलीपर्यंत प, सा, ग, ध असे स्वर मिळतात. परंतु हा पंचम खर्जातला नसून सा आणि ग यांच्याही वरचा असतो. गिटारवर अंगठ्याने खालचे स्वर धरण्याची सवय असल्यामुळे चौथी आणि तिसरी तार आलटूनपालटून छेडताना प्रत्येक वेळी हा पंचम मध्येच टोचत असे, आणि तर्जनी व मध्यमेने वाजवलेली चाल त्याखाली दबून जाई. तीन महिने मी वाद्यालाच दोष देत होतो.

शेवटी चारशे रुपये मोजून एक सप्तक खालची, धातू गुंडाळलेली तार आणली. अंगठा सुखावला खरा, पण ती तार खाचेत नीट बसेना, त्यामुळे पहिल्या दोन पडद्यांवर स्वर चढू लागला आणि बोट सरकवताना करकर ऐकू येऊ लागली. खाच कानसीने रुंद करून घेण्याऐवजी मी तार तशीच दाबून बसवली, एवढी चूक कबूल करतो. नवा नट पंचवटीतील एका सतार दुरुस्त करणाऱ्या कारागिराने बसवून दिला.

नाइलाजाने जुनी तार पुन्हा चढवली आणि माझे मत तिथेच बदलले. चौथी मोकळी प, पहिली मोकळी ध, चौथीच्या चौथ्या पडद्यावर नी आणि पहिलीच्या तिसऱ्या पडद्यावर तार षड्ज, असे लागोपाठचे स्वर दोन तारांवर वाटून अंगठा आणि अनामिकेने छेडले, की आधीचा स्वर विरण्यापूर्वीच पुढचा त्यात मिसळतो व देवळातल्या घंटांसारखा नाद घुमत राहतो. खालच्या पंचमाच्या तारेवर हे साधतच नाही. मात्र डाव्या हाताची बोटे लवकर उचलू नयेत. ही सवय लागायलाच मला दोन महिने लागले. (अंगठ्याचे नख वाढवण्याचा सल्ला मी ऐकला नाही, कणीक मळताना ते टिकत नाही.)

चारशे रुपयांची ती तार डब्यात गुंडाळून ठेवली आहे. निम्म्या किमतीत कुणाला हवी असल्यास कळवावे.